हे काप गं

एडिटिंग शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी कॉम्प्युटरला हात लावू देत नसे. टीव्हीसमोर बसवायचे, कुणाच्या तरी लग्नाची न कापलेली कॅसेट लावून द्यायचे आणि सांगायचे, पूर्ण बघा, पुढे पळवायची नाही. मुली कंटाळायच्या. त्यांना नवरा-नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडायला शिकायचं असायचं. नारळ फुटतो आणि त्यातून नवरी बाहेर येते, तो प्रकार तर सगळ्यांनाच हवा असायचा. मी म्हणायचे, नारळ फोडायला अर्धा तास पुरतो, बघायला शिकायला वेळ लागतो. एकमेकींकडे बघून त्या डोळे फिरवायच्या. ते मला टीव्हीच्या काचेत दिसायचं.

ही दोन हजारनंतरची गोष्ट. घरोघरी हँडीकॅम आले होते, वाढदिवस आणि सहली शूट करून लोक घरात कॅसेटी साठवत होते, आणि त्या कापायच्या कशा ते कुणालाच येत नव्हतं. इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी शिकवायचे. त्याआधीची दहाएक वर्षं मी नुसतीच कापत होते.

माझे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. काटे बघत बसायचं आणि काटा हलला तरच उठायचं, अशी नोकरी. बघत बसणं मी त्यांच्याकडून उचललं असावं. लग्न झालं ते लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाशी. त्याच्या घरी आले तेव्हा एका टेबलावर दोन व्हीसीआर, दोन टीव्ही आणि एक व्हिडिओ मिक्सर मांडलेला होता, आणि लग्नांच्या कॅसेटी तटलेल्या होत्या. त्याला शूटिंगचा नाद, कापायला बसायचा कंटाळा. पार्टी, म्हणजे आमचं गिऱ्हाईक, फोन करकरून थकायची. मी एका दुपारी सहज बसले आणि मग तिथून उठलेच नाही.

तेव्हाचं एडिटिंग म्हणजे एका मशीनवर कॅसेट चालवायची आणि दुसऱ्यावर हवं तेवढं उतरवून घ्यायचं. बटण दाबल्यावर मशीन क्षणभर विचार करायचं, म्हणून बोट थोडं आधीच पडायला हवं. मधे कुठे चुकलं तर तिथून पुढचं सगळं पुन्हा. त्यामुळे आधी बघणं आणि मनात ठरवणं आलंच. मुलींना मी जे सांगायचे ते सगळं याच टेबलावर शिकलेलं. माणूस उठायला लागला की काप, पूर्ण उठू देऊ नकोस. रडणाऱ्या माणसावर फार वेळ थांबू नकोस, नंतर त्यांनाच लाज वाटते. जेवणाच्या पंगतीत कुणाचा घास तोंडात जाताना दाखवू नकोस, त्यावरून भांडणं होतात. आणि पाठवणी आखूड ठेव. पाठवणी लांबवली की मुलीकडचे तुमच्यावरच चिडतात.

आवाजाचा प्रश्न तेव्हा नव्हताच, कारण लग्नाचा मूळ आवाज कुणाला नको असायचा. मंगलाष्टकं तेवढी ठेवायची, बाकी सगळ्यावर सिनेमाची गाणी. हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला ठरलेलं एक. मांडवातला गोंगाट, भटजींचं खाकरणं, पंख्याची घरघर, सगळं त्या गाण्यांखाली जायचं. आणि जायचा माझ्या नवऱ्याचा आवाज.

कारण तो अखंड बोलायचा. तोंडावर मी त्याला अहो म्हणायचे, लिहिताना तो म्हणते, आता तक्रार करायला तो नाही. कॅमेरा खांद्यावर आणि माइक कॅमेऱ्यालाच, म्हणजे सगळ्यात जवळचा आवाज त्याचाच. नवरदेव, मान वर. मावशी, जरा डावीकडे. काका, अक्षता नंतर टाका. हे सगळ्याच शूटिंगवाल्यांचं असतं. पण आमच्याकडे आणखी एक गोष्ट होती. मी कापायला बसायला लागल्यापासून तो कॅमेऱ्यातून माझ्याशी बोलायला लागला. कुणाचा धक्का लागून चित्र हललं की हळूच म्हणायचा, "हे काप गं." एखादी म्हातारी छान हसली की, "हे ठेव." सुरुवातीला ते कामापुरतं होतं. मग त्याची जीभ सैल सुटली. "हे काप गं, नवऱ्याचा मामा मधे आला. येणारच होता, सकाळपासून बघतोय." "हे काप गं. आणि उद्या ऐकशील तेव्हा चिडू नकोस, दूध आणायचं विसरलोय." मी ते दुसऱ्या दिवशी ऐकायचे, तोवर बिनदुधाचा चहा होऊन गेलेला असायचा.

मी चिडायचेच. किती वेळा सांगितलं, अहो, शूटिंग करताना तोंड बंद ठेवा, एखादा चांगला आवाज ठेवावासा वाटला तरी ठेवता येत नाही. तो म्हणायचा, "मग तू गाणं टाक की." आणि मी गाणं टाकायचे. संसारात समोरासमोर आम्ही भाजी आणि लाइटबिल एवढंच बोललो असू. बाकीचं तो लग्नांत बोलायचा, मी दुसऱ्या दिवशी ऐकायचे आणि कापायचे.

काम झालं की कॅसेट पुन्हा ड्रॉवरमध्ये. पुढच्या लग्नाला तीच, तिच्यावरच नवं लग्न उतरायचं. सगळे तसंच करायचे, कॅसेट झिजेपर्यंत वापरायचे. कॉम्प्युटर आल्यावरही बदल झाला तो एवढाच की मशीनऐवजी डिस्कमध्ये कापायचं. डिस्क लहान, एक लग्न उडवल्याशिवाय दुसरं मावत नसे. त्यामुळे त्याचा आवाज कुठेही उरत नव्हता. हे मला माहीत होतं, पण त्यात लक्षात घेण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

एका सकाळी शूटिंगला निघताना जिन्यात बसून तो बूट घालत होता. बॅग मी वरून आणून दिली. एक बूट घातला, दुसरा हातात, आणि तो भिंतीला टेकला. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर माझ्याशी बोलण्याऐवजी माझ्या दिराशी बोलायला लागले, तेव्हा मला कळलं.

पुढचं मी सगळं नीट केलं. लोक म्हणत होते, तिला रडू द्या. कुणी मला अडवत नव्हतं, पण रडू येत नव्हतं. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं ते होतं, फक्त सगळीकडे. रामकुंडावर दहाव्याचे विधी चालले होते आणि मी बघत होते की शेजारच्या घोळक्यात कुणीतरी हँडीकॅमवर शूट करतंय आणि उन्हाकडे तोंड करून उभं आहे, सगळं काळं येणार. त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

तेरावं झालं आणि मी टेबलावर बसले. त्याने शूट केलेलं एक लग्न तसंच राहिलं होतं. मखमलाबादकडचे फुलशेती करणारे लोक, झेंडू आणि शेवंती. थोरल्या मुलीचं लग्न. मी कॅसेटी कॉम्प्युटरच्या आत घेतल्या आणि नेहमीसारखी कापायला लागले. कानात हेडफोन. तो म्हणत होता, हे काप गं, आणि मी कापत होते. मला काही झालं नाही, हे मी स्पष्ट लिहून ठेवते, कारण नंतर लोकांना वाटतं की झालं असेल. तो सांगत होता ते मी ऐकत होते, नेहमीपेक्षा जास्त निमूट. हळदीवर गाणं टाकलं, वरातीवर टाकलं, सीडी तयार केली, पाठवून दिली. डिस्क रिकामी केली.

मुलीचे वडील आले ते काही आठवड्यांनी. पिशवीत मेथीच्या जुड्या होत्या. एरवी त्यांनी फुलं आणली असती, पण या घरी फुलं न्यावीत की नाही हे त्यांना ठरवता आलं नसावं. जुड्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. मग म्हणाले, "ताई, राग नका मानू. सीडी लय चांगली झालीय. फक्त आमच्या बहिणीचं गाणं गेलं."

मी म्हणाले, हळदीवर आम्ही सिनेमाचंच गाणं टाकतो, सगळ्यांना तेच आवडतं.

"ते हाय. पण आमच्यात हळदीला आत्या म्हणती. मांडवात जो कुणी असंल त्याच्यावर ती कडवं जोडती. ज्याच्या त्याच्या नावाचं. सगळे सीडी लावून बसलेले, माझं कडवं आलं का, माझं आलं का. एकबी नाय." जमिनीकडे बघत ते म्हणाले, "तुमच्या मालकांवर पण म्हणलं होतं तिनं. ते लय हसले होते. म्हणून म्हणलं, तुम्ही ठेवलं असंल."

मला ते कडवं आठवेना. म्हणजे मी ते ऐकलं असणार आणि कापलं असणार, पण कापायचं काम नुसते हात करत होते, मी तिथे नव्हतेच. मी उठून ड्रॉवर उघडला. कॅसेटी नव्हत्या.

दीर आता शूटिंगला जात होता. अंबडच्या कंपनीत नोकरी करून सुट्टीच्या दिवशी भावाचा कॅमेरा घेऊन जायचा, आधी घेतलेली लग्नं तरी पुरी करू म्हणून. त्या दिवशी तो नांदगावला गेला होता. सकाळी घाईत ड्रॉवरमधल्या कॅसेटी उचलून गेला, जशा नेहमी नेतात तशा. त्या फुलवाल्यांच्या होत्या.

पार्टीने दिलेला लग्नघरचा नंबर होता. मी फोन लावला. तिकडे बँड वाजत होता, उचलणाऱ्या बाईंना काही ऐकू येईना. शूटिंगवाल्याला बोलवा, मी तीनतीनदा ओरडून सांगितलं. बाई म्हणाल्या, ते मांडवात हायेत, आता नवरदेव आलाय. मी म्हणाले, कॅमेरा बंद करायला सांगा आणि फोनवर पाठवा. त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. त्या धावत गेल्या. मी रिसीव्हर धरून उभी होते, समोर मुलीचे वडील हातात रिकामी पिशवी घेऊन उभे, आणि मला जाणवलं की माझा हात घामेजलाय. बऱ्याच दिवसांनी शरीरात काहीतरी आपणहून झालं होतं.

दीर धापा टाकत आला. "वहिनी, काय झालं?"

"तुझ्या दादांनी शूट केलेल्या शेवटच्या लग्नाच्या कॅसेटी तुझ्याकडे आहेत?"

"ड्रॉवरमधल्या आणल्यात. एकीवर सीमांतपूजन घेतलं, ती भरली. आता दुसरी लावली."

"काढ."

"नवरदेव दारात आहे वहिनी."

"काढ ती. गावात कुठे नवी मिळते का बघ, नाही मिळाली तर तसंच उभं राहा."

फोन ठेवण्याआधी तो एवढंच म्हणाला, "नुसती लावली होती, अजून सुरू नव्हती केली." नवरदेवाचं येणं त्या लग्नात नाही. पार्टीने दिराला फार ऐकवलं, आणि त्याने ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

वाचलेली कॅसेट हळदीची होती. दुसऱ्या दिवशी मी ती पुन्हा आत घेतली. या वेळी सिनेमाचं गाणं टाकायचं नव्हतं, आत्याबाईंचं ठेवायचं होतं, आणि एकाच माइकवर सगळं, म्हणजे त्यांचा आवाज ठेवायचा तर नवऱ्याचाही राहणार. वेगळं करता येत नाही. मुलीच्या वडिलांना मी आधीच सांगून टाकलं होतं की मधे मधे यांचं बोलणं येईल. ते म्हणाले, "येऊ द्या की. मांडवात ते होतेच."

हेडफोनमध्ये आत्याबाई म्हणत होत्या. काकावर झालं, मामीवर झालं, बँडवाल्यांवर झालं. मधेच त्याचा हळू आवाज, "गाणं पूर्ण घेतोय. तू कापशील, माहीत आहे." मग आत्याबाई कॅमेऱ्याकडे बघून हसल्या आणि त्यांनी उचललं,

मांडवाच्या दारी उभा शूटिंगवाला भाऊ,
त्याच्या घरच्या लक्ष्मीला हळद-कुंकू नेऊ.

बायका हसल्या. चित्र हललं, कारण तोही हसत होता. एवढा बोलका माणूस, पण आपल्यावर गाणं म्हटलेलं त्याला झेपलं नाही. लाजल्यासारखा म्हणाला, "हे काप गं."

मी थांबवलं. मागे नेलं, पुन्हा ऐकलं. आत्याबाईंच्या मानाने त्याचा आवाज बारीक येत होता. मी तेवढ्या जागी आवाज वाढवला. दोन्ही सारखे झाले, मग पुढे गेले. तेव्हाही रडू आलं नाही. सीडी झाली, एक मी कपाटात साड्यांखाली ठेवली आणि कधी लावली नाही.

मग वर्षं गेली. दिराने शूटिंग सोडलं, मला कॅमेरा चालवता येऊ लागला. शिकायला मुली येत राहिल्या. मी त्यांना सांगायचे, पार्टीने सीडी बघितल्याशिवाय डिस्क उडवायची नाही, कॅसेटवर आधी चिठ्ठी लावायची. त्यांना वाटायचं, बाई शिस्तीच्या आहेत. मी जेवायचे, झोपायचे, सणाला माहेरी एकलहऱ्याला जाऊन यायचे. आई विचारायची, बरी आहेस ना. बरी होते. काही दुखत नव्हतं, हीच तक्रार होती, पण ती आईला कशी सांगणार.

फुलवाल्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी शूटिंग मलाच दिलं. मी जरा कचरत होते, हळदीच्या मांडवात माझ्यासारखी बाई मधोमध उभी राहते हे कुणाकुणाला चालत नाही. त्यांच्याकडे तो विषयच निघाला नाही. मी गेले तेव्हा परातीत हळद कालवणं चाललं होतं. थोरली मुलगी माहेरी आलेली, तिने वाटी उचलली आणि निम्मी हळद स्वतःच्या साडीवर सांडली. क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "हे काप गं."

सगळ्या हसल्या. पलीकडे एक लहान पोर पाण्याचा तांब्या लवंडून उभं होतं, तेही म्हणालं, "हे काप गं." त्याला कापणं म्हणजे काय हेही माहीत नसेल. मग कुणाला तरी माझी आठवण झाली. थोरलीने जीभ चावली. म्हणाली, "काकू, आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. काही चुकलं, सांडलं की. ती सीडी इतक्यांदा लावलीय, तोंडात बसलं."

मी म्हणाले, "असू दे." कॅमेरा डोळ्याला लावला, कारण तोंड कुठेतरी लपवायला हवं होतं.

आत्याबाई आता थकल्या होत्या. खुर्चीवर बसून म्हणत होत्या, दम लागत होता, पण एकालाही सोडत नव्हत्या. काका झाले, जावई झाला, तांब्या सांडणारं पोर झालं. मी एकेकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेत होते, व्यवस्थित, गडबड न करता. मग चेहरे संपले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्याबाईंनी दम घेतला आणि उचललं,

मांडवाच्या दारी उभी शूटिंगवाली ताई,
धनी तिचा माझ्या घरी बोलायचा थांबत नाही.

बायका हसल्या, डोळे पुसत हसल्या. आणि माझ्या डोळ्यांसमोरचं चित्र वाकडंतिकडं व्हायला लागलं. आधी वाटलं फोकस गेला, मी बटण फिरवलं. फोकस जागेवर होता. मला तो हवा होता. इतकी वर्षं नुसतं माहीत होतं की तो नाही, त्या मांडवात पहिल्यांदा तो मला हवा होता, जिन्यात एक बूट घालून बसलेला का होईना.

सगळं शूटिंग हलत होतं. माइकजवळ तोंड नेऊन मी म्हणाले, "हे काप गं, हात हलला." घरी कापायला बसणारी मीच होते.